टेपचे शून्य कुठे धरायचे? व्हायब्रेशन डॅम्पर आणि स्पेसर बसवण्याचा क्रम

मुंबईत ओव्हरहेड लाइनवर काम करणाऱ्या बहुतेकांना कंडक्टरचा (वीज वाहणाऱ्या, अनेक पदरांच्या तारेचा) शत्रू म्हणजे जुलैमधले वादळ वाटते. टॉवर आणि झाडांच्या बाबतीत ते खरे आहे, पण कंपनाच्या बाबतीत नाही. पावसाळी वारा झोतांनी येतो, दिशा बदलतो, त्यामुळे कंडक्टरची थरथर एका लयीत टिकत नाही. सेकंदाला १ ते ७ मीटर वेगाने न अडखळता वाहणारा वारा मात्र कंडक्टरच्या मागे आळीपाळीने वर आणि खाली भोवरे सोडतो आणि तार तासन्‌तास थरथरत राहते. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत दुपारी येणारा आपला खारा वारा बहुतेक वेळा याच पट्ट्यात असतो. ठाण्याच्या खाडीवर आणि भांडुप-कांजूरच्या मिठागरांवर त्याची लय मोडायला झाड नाही आणि इमारतही नाही. खाडी साधारण उत्तर-दक्षिण पसरलेली असल्याने तिच्या काठाने जाणाऱ्या लाइनवर तो वारा आडवाच येतो.

ही थरथर सहसा कंडक्टरच्या व्यासापेक्षा मोठी नसते, म्हणून खालून ती दिसत नाही. पण सेकंदाला २९ हेलकावे धरले तर चार तासांच्या एका दुपारी चार लाखांहून अधिक हेलकावे होतात, आणि प्रत्येक वेळी क्लॅम्पच्या (तारेला टॉवरपाशी धरणाऱ्या पकडीच्या) तोंडाशी तारांचे पदर एकमेकांवर घासतात. थरथर शोषणारे डॅम्पर यासाठीच बसवायचे असतात, आणि जुळ्या तारांमधले अंतर राखणारे स्पेसर त्यांच्या जोडीला. सामान चांगले असूनही काम बिघडलेले मी पाहिले आहे आणि दरवेळी कारण जवळपास एकच निघाले: अंतर बरोबर वाचले, पण ते भलत्या ठिकाणापासून मोजले.

१. वर चढण्याआधी कागदावर करायचे काम

प्रत्येक स्पॅनसाठी (दोन टॉवरमधल्या टप्प्यासाठी) पाच गोष्टी एका तक्त्यात लिहाव्यात: कंडक्टरचा प्रकार, स्पॅनची प्रत्यक्ष लांबी, रोजच्या तापमानाला असणारा ताण, दोन्ही टोकांना सस्पेन्शन (तार नुसती लटकलेली) आहे की टेन्शन (तार ओढून बांधलेली), आणि स्पॅनमधल्या सांध्यांची जागा. त्यानंतर उत्पादकाचा प्लेसमेंट चार्ट समोर ठेवून डॅम्परची संख्या आणि अंतरे भरावीत. जुन्या कामाचा चार्ट नव्या कामाला लावू नये. ही सवय आपल्याकडे फार आहे, म्हणून तिचे गणित एकदा उलगडून दाखवतो.

मूस, पँथर, झेब्रा ही कंडक्टरच्या ठरावीक आकारांची नावे आहेत. मूस कंडक्टरचा व्यास ३१.७७ मिमी, वजन मीटरला सुमारे २ किलो आणि तुटण्याचा भार सुमारे १६१ किलोन्यूटन असतो. कंपनाची वारंवारता काढण्यासाठी वाऱ्याच्या वेगाला ०.१८५ ने गुणून व्यासाने भागायचे, दोन्ही मापे मीटरमध्ये घेऊन. वारा ७ मीटरचा असेल तर मूसची वारंवारता सुमारे ४१ हर्ट्झ येते. ताण तुटण्याच्या भाराच्या २२ टक्के धरला तर तारेतून लहर सेकंदाला सुमारे १३३ मीटर धावते, म्हणजे ४१ हर्ट्झला एका लूपची (अर्ध्या लहरीची) लांबी सुमारे १.६३ मीटर होते. वारा मंदावला की लूप लांबत जाते: ५ मीटरच्या वाऱ्याला ती २.३ मीटर असते, तर १ मीटरच्या वाऱ्याला साडेअकरा मीटर. लूपच्या दोन्ही टोकांना निस्पंद बिंदू असतात. तिथे तार हलत नाही, आणि जिथे तार हलत नाही तिथे लटकवलेला डॅम्पर शोभेचाच ठरतो. म्हणून पहिला डॅम्पर सर्वांत लहान लूपच्या साधारण ८० टक्क्यांवर बसवतात. मूससाठी हे अंतर सुमारे १.३० मीटर येते, आणि तिथे डॅम्पर या पट्ट्यातल्या कोणत्याही वेगाच्या वाऱ्यात पहिल्या लूपच्या आतच राहतो.

आता हेच १.३० मीटर पँथरला लावून पाहावे. त्याचा व्यास २१ मिमी. २५ टक्के ताणावर त्याची सर्वांत लहान लूप सुमारे १.२३ मीटर येते, त्यामुळे १.३० मीटरवरचा डॅम्पर लूपच्या बाहेर पडतो आणि ६.६ मीटरच्या वाऱ्याला नेमका निस्पंद बिंदूवर बसतो. पँथरला हे अंतर १ मीटरच्या आत हवे. ही उदाहरणे कारण समजावे म्हणून दिली आहेत. साइटवर आकडा चार्टमधलाच चालतो, कारण त्यात त्या डॅम्परचे वजन आणि त्याच्या केबलचा स्वभावही धरलेला असतो.

चार्ट वाचताना दोन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळवावीत.

पहिला प्रश्न, अंतराचे शून्य कुठे आहे: सस्पेन्शन क्लॅम्पच्या मध्यावर की तोंडाशी? टेन्शन टॉवरवर ते डेड-एंड क्लॅम्पच्या तोंडापासून धरतात, क्रॉस-आर्मपासून (टॉवरच्या आडव्या हातापासून) किंवा जंपरच्या (टॉवरच्या दोन बाजूंच्या तारा जोडणाऱ्या तुकड्याच्या) जोडापासून नाही.

दुसरा प्रश्न, दुसऱ्या डॅम्परचे अंतर क्लॅम्पपासून दिले आहे की पहिल्या डॅम्परपासून? काही चार्टमध्ये असे असते, काहींमध्ये तसे. गल्लत झाली तर दोन डॅम्पर एकमेकांना चिकटून बसतात किंवा दुसरा भलत्याच जागी जातो.

> तपासणी: ४०० मीटरच्या डिझाइन स्पॅनला आपल्याकडच्या निविदांमध्ये सहसा प्रत्येक सब-कंडक्टरला (जुळ्या कंडक्टरमधल्या एकेका तारेला) सस्पेन्शनच्या दर बाजूस किमान एक आणि टेन्शनच्या दर बाजूस किमान दोन डॅम्पर मागतात. तक्त्यात यापेक्षा कमी दिसले तर खाली सही करण्याआधी विचारावे. खाडी ओलांडणाऱ्या लांब स्पॅनचा चार्ट वेगळा मागवावा.

२. सामान हातात घेऊन पाहणे

केबलच्या दोन टोकांना वजने असलेल्या स्टॉकब्रिज डॅम्परसाठी आयएस (भारतीय मानक) ९७०८ आणि जुळ्या कंडक्टरच्या स्पेसरसाठी आयएस १०१६२ हे मानक आहे. चाचणीचे अहवाल फाइलमध्ये असतातच, तरी गोदामात प्रत्येक खोक्यातला एखादा डॅम्पर उचलून पाहावा. दोन्ही वजने केबलवर घट्ट आहेत का, केबल सरळ आहे का आणि क्लॅम्पवर छापलेला कंडक्टरचा आकार आपलाच आहे का, हे पाहायला मिनिटभर लागते. झेब्राचा व्यास २८.६२ मिमी असतो. मूसचा क्लॅम्प झेब्रावर बसलेला दिसतो, बोल्टही आवळला जातो, पण तो पुढच्या उन्हाळ्यात घसरतो.

मिठागराच्या काठी उघड्यावर महिनाभर पडलेले सामान मी वापरत नाही. डॅम्परच्या पोलादी केबलच्या पदरांत खारी ओल शिरली की आतून गंज धरतो, आणि पदरांचे एकमेकांवर घासणे हेच ज्याचे काम आहे ते उपकरण जाम होते. स्पेसरमधल्या रबरी बुशला तेल किंवा ग्रीस लागू देऊ नये.

टॉर्क पान्ह्याचा (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळणाऱ्या पान्ह्याचा) कॅलिब्रेशन दाखला पाहावा आणि त्यावरचे एकक जरूर वाचावे. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर. चार्टमध्ये एक एकक आणि पान्ह्यावर दुसरे, अशा घोळात बोल्ट एक तर सैल राहतो किंवा ॲल्युमिनियमचे पदर चेपतो. ठरलेल्या टॉर्कला डोके तुटून पडणारे बोल्ट असतील तर हा प्रश्न येत नाही, पण ते साध्या पान्ह्याने थोडेसे आवळून सोडून दिलेले नाहीत ना, हे पाहावे.

३. शटडाउन, अर्थिंग आणि भरतीचे वेळापत्रक

मुंबईला वीज आणणाऱ्या लाइन मोजक्या आहेत, त्यामुळे ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राकडून मिळणारा शटडाउन आखूड असतो आणि पुन्हा लवकर मिळत नाही. म्हणूनच वरचे दोन टप्पे आधी पुरे करायचे. टॉवर खाडीच्या पाण्यात असेल तर पौर्णिमा-अमावास्येचे उधाण टाळून तारीख मागावी. होडी टॉवरपाशी लागेल ती वेळ आणि परमिटची वेळ जुळली नाही तर अर्धा दिवस चिखलाकडे पाहण्यात जातो. सुटे बोल्ट आणि वॉशर कापडी पिशवीत, पान्हे दोरीला बांधलेले असावेत, कारण खाडीत पडलेली वस्तू परत मिळत नाही.

> इशारा: आपल्या कॉरिडॉरमध्ये एकाच टॉवरवर किंवा शेजारी दुसरे सर्किट चालू असते. आपली लाइन दोन्ही टोकांना बंद करून अर्थ केली असली, तरी चालू सर्किटमुळे तिच्यावर जीवघेणा विद्युत दाब चढू शकतो. जिथे माणूस तारेला हात लावणार तिथेच, त्याच्या डोळ्यांसमोर, स्थानिक अर्थिंग लावलेले हवे. शेवटचा माणूस खाली उतरेपर्यंत ते काढायचे नाही.

४. सॅग आणि क्लॅम्पिंग पूर्ण झाले का?

डॅम्पर पुलीवर असलेल्या कंडक्टरवर बसवत नाहीत. आधी सॅग (तारेचा झोल) जुळवायचा, मग कंडक्टर पुलीवरून उचलून कायमच्या क्लॅम्पमध्ये घ्यायचा आणि इन्सुलेटरची स्ट्रिंग लंबरेषेत आली का ते पाहायचे. हे होण्यापूर्वी मोजलेल्या अंतराचे शून्यच सरकलेले असते.

जुळ्या कंडक्टरमध्ये दोन्ही तारांचा सॅग याच वेळी शेजारी उभे राहून तपासावा. एक तार हातभर खाली असेल तर स्पेसर ती उचलून धरत नाहीत. ते फक्त तारांचा सगळा बंडल तिरका करतात, आणि मग ती तिरकी ओळ वर्षानुवर्षे तशीच दिसत राहते.

५. डॅम्पर: त्याच दिवशी, त्याच माणसाच्या हातून

क्लॅम्पिंग झाले की त्याच माणसाने, त्याच चढाईत डॅम्पर बसवावेत. ताण चढलेली आणि डॅम्पर नसलेली तार अनुकूल वाऱ्यात काही तासांतही दुखावू शकते. "डॅम्पर शेवटी एकदम लावू" हे वाक्य मी अनेक साइटवर ऐकले आहे, आणि ते शेवटचे काम बहुतेक वेळा पुढच्या शटडाउनवर ढकलले जाते. एप्रिल महिन्यात पंधरा दिवस उघडी राहिलेली तार नवी म्हणता येत नाही.

क्रम असा ठेवावा:

(अ) चार्टने सांगितलेल्या शून्यावर पोलादी टेपचे टोक धरून अंतर मोजावे आणि रंगाच्या पेनने तारेवर खूण करावी. टेप तारेला लागून असावा, हवेत ताणलेला नसावा.

(आ) खुणेच्या दोन्ही बाजूंची हातभर तार ब्रशने घासून मीठ आणि काळी पूड काढावी.

(इ) डॅम्पर तारेच्या खाली सरळ लटकेल असा धरून क्लॅम्पचा मध्य खुणेवर आणावा. दोन वजने असमान असतील तर मोठे वजन टॉवरकडे की स्पॅनकडे, हे चार्टमध्ये पाहावे. अंदाजाने ठरवू नये. वजनाला पाणी निघून जाण्याचे छिद्र असेल तर ते खाली राहिले पाहिजे.

(ई) बोल्ट आधी हाताने, मग टॉर्क पान्ह्याने आवळावा आणि आवळल्यावर अंतर पुन्हा मोजावे. आवळताना क्लॅम्प दोन-तीन सेंटिमीटर सरकणे नेहमीचेच आहे.

मघाशी टेपच्या शून्याचा विषय काढला तो एका घटनेमुळे. खाडीकाठच्या एका लाइनवर, बसवल्यानंतर तिसऱ्या वर्षी, काही सस्पेन्शन क्लॅम्प उघडून पाहिले. आर्मर रॉड (क्लॅम्पखाली तारेवर गुंडाळलेल्या संरक्षक सळ्या) उलगडल्यावर आत मऊ काजळीसारखी काळी पूड होती. ती तारा एकमेकींवर घासून निघालेली ॲल्युमिनियमची पूड होती. पुसल्यावर बाहेरच्या पदरातल्या दोन तारा इतक्या स्वच्छ तुटलेल्या दिसल्या की जणू कोणी पातळ पात्याने कापल्या असाव्यात. डॅम्पर मात्र जागेवर आणि घट्ट होते. टेप लावला तेव्हा ते क्लॅम्पच्या मध्यापासून २.४ मीटरवर निघाले. गँगने १.३० मीटर मोजले होते, पण आर्मर रॉडच्या टोकापासून, आणि तो रॉड मध्यापासून सुमारे १.१ मीटर पुढे येत होता. २.४ मीटरची लूप पावणेपाच मीटरच्या वाऱ्याला तयार होते, म्हणजे आपल्या रोजच्या दुपारच्या खाऱ्या वाऱ्याला. सर्वांत जास्त वाहणाऱ्या वाऱ्यातच ते डॅम्पर निस्पंद बिंदूवर बसत होते.

> इशारा: मधल्या सांध्यावर किंवा रिपेअर स्लीव्हवर डॅम्पर बसवू नये. खूण तिथे येत असेल तर काम थांबवून अभियंत्याला विचारावे. अंतर आपल्या मनाने पुढे-मागे करू नये.

अर्थ वायरचे (टॉवरच्या माथ्यावरून जाणाऱ्या संरक्षक तारेचे) डॅम्पर वेगळे असतात. ७/३.६६ मिमीच्या पोलादी तारेचा व्यास सुमारे ११ मिमी असल्याने ५ मीटरच्या वाऱ्यात तिची वारंवारता ८४ हर्ट्झपर्यंत जाते, त्यामुळे तिथे हलका डॅम्पर आणि कमी अंतर लागते. ओपीजीडब्ल्यूवर (प्रकाश-तंतू असलेल्या अर्थ वायरवर) तर क्लॅम्पखाली उत्पादकाने सांगितलेले रॉड घातल्याशिवाय बोल्ट आवळूच नये. आत काचेचे तंतू आहेत, आणि चेपलेला तंतू नियंत्रण कक्षात दिसेपर्यंत गँग घरी गेलेली असते.

६. स्पेसर: समान अंतराचा मोह टाळावा

जुळ्या मूसमधल्या दोन तारांत ४५० मिमी अंतर असते. वाऱ्याच्या बाजूची तार मागच्या तारेला आपल्या सावलीत घेते, आणि वारा जोरात असला की दोन स्पेसरमधला तुकडा संथ, मोठ्या झोक्याने हलू लागतो. सगळे तुकडे सारख्या लांबीचे असतील तर एकाचा झोका दुसऱ्याला आयताच मिळतो. म्हणून तुकडे मुद्दाम असमान ठेवतात, टोकाचे तुकडे आखूड ठेवतात, आणि कोणताही तुकडा सहसा ६० ते ७० मीटरपेक्षा लांब जाऊ देत नाहीत.

३९२ मीटरच्या स्पॅनसाठी मांडणी कशी दिसते याचा एक नमुना: ३६, ५८, ६६, ६१, ६७, ५९ आणि ४५ मीटर. यात सहा स्पेसर लागतात. शेजारचे दोन तुकडे सारखे नाहीत आणि दोन्ही टोकेही सारखी नाहीत. गँगला हे ओबडधोबड वाटते आणि कोणीतरी ते सगळे ५६ मीटर करून "नीट" करतो. तेव्हा चढण्याआधी कारण सांगून ठेवावे.

स्पेसर लावणाऱ्या माणसाला तारेवरून नेणारी ट्रॉली डॅम्परच्या पुढे चढवावी. तिची चाके डॅम्परच्या क्लॅम्पवरून न्यायची नाहीत. खालून दुसरी लाइन, रस्ता किंवा रेल्वे जात असेल तर माणसासह ट्रॉलीच्या वजनाने तार किती खाली येईल, हे आधी तपासावे.

अंतर ट्रॉलीच्या मोजणी-चाकावर घेतले जाते आणि ओल्या तारेवर ते चाक घसरते. याची पडताळणी सोपी आहे. याच स्पॅनमध्ये २२ टक्के ताणावर सॅग साधारण साडेदहा मीटर येतो, आणि त्यामुळे तारेची लांबी सरळ अंतरापेक्षा फक्त ०.८ मीटरच्या आसपास जास्त भरते. सगळ्या तुकड्यांची बेरीज ३९३ च्या आसपास आली पाहिजे. ती ३८६ किंवा ३९८ आली तर चाक घसरले आहे. अशा वेळी शेवटच्या तुकड्यात फरक मुरवून मोकळे होऊ नये, मोजणी पुन्हा करावी.

स्पेसर बसवताना आधी एका तारेवरचा क्लॅम्प हलका आवळावा, मग दुसरी बाजू बसवून स्पेसर तारांना काटकोनात आणावा आणि शेवटी दोन्ही बाजू पूर्ण टॉर्कवर घ्याव्यात. तिरका बसलेला स्पेसर प्रत्येक झोक्याला तार पिळतो. वाटीसारखा स्प्रिंग वॉशर उलटा गेला तर टॉर्क पान्हा टक्‌ करतो, पण स्प्रिंगचा दाब मिळत नाही. हे खालून कधीच दिसत नाही, म्हणून ट्रॉलीवरच्या माणसाला जमिनीवर एक स्पेसर दोनदा लावून दाखवायला सांगावे.

> तपासणी: स्पेसर लावले म्हणून डॅम्पर वगळायचे नाहीत. साधा स्पेसर तारांमधले अंतर राखतो, थरथर शोषत नाही. शोषणारा स्पेसर-डॅम्पर वेगळा असतो, आणि चार तारांच्या बंडलमध्ये तो असला तरी स्टॉकब्रिज लागणार की नाही, हे त्याच्या उत्पादकाचा कंपन-अभ्यास ठरवतो.

७. उतरल्यावर आणि पहिल्या वर्षात

प्रत्येक टॉवरवर टेप लावलेल्या स्थितीत डॅम्परचा फोटो घ्यावा. त्यात टेपचे शून्य आणि खूण दोन्ही दिसली पाहिजेत. नुसत्या डॅम्परच्या फोटोचा उपयोग होत नाही. टॉवर क्रमांक, फेज, बाजू आणि अंतर नोंदवहीत त्याच दिवशी लिहावे.

पहिली पाहणी पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरमध्ये दुर्बिणीतून करावी. पाहायच्या गोष्टी तीन आहेत. डॅम्पर स्पॅनच्या मध्याकडे सरकला आहे का? सरकलेला डॅम्पर लगेच ओळखू येतो, कारण मागे तारेवर घासल्याचा चकचकीत पट्टा राहतो. वजने केबलवरून खाली झुकली आहेत का? झुकलेल्या डॅम्परची केबल संपलेली असते, त्याचा बोल्ट पुन्हा आवळून काही मिळत नाही, तो बदलावा लागतो. तिसरी गोष्ट म्हणजे स्पेसरच्या क्लॅम्पभोवतीचे काळे ओघळ. सरकलेला डॅम्पर मूळ जागी आणून आवळण्याआधी त्या टॉवरचा सस्पेन्शन क्लॅम्प उघडून तारा पाहाव्यात, कारण तो किती दुपारी जागेवर नव्हता हे कोणालाच माहीत नसते.

खाडी ओलांडणाऱ्या स्पॅनवर शंका असेल तर कंपन-नोंदक बसवून घ्यावा. त्याचे माप क्लॅम्पमधल्या तारेच्या शेवटच्या स्पर्शबिंदूपासून ८९ मिमीवर घेतात आणि इथेही शून्य चुकले तर नोंद वाया जाते. नोंदक फेब्रुवारी ते मे या काळात किमान दोन आठवडे ठेवावा. काही जण सोय पाहून तो जुलैत लावतात, आकडे कमी येतात आणि लाइन निर्दोष असल्याचा अहवाल तयार होतो. तसा अहवाल आला तर त्यावरची तारीख आधी पाहावी.